कपाटासाठी पाणी

१५ जून २०२५, रविवार

अकरा महिने वहीकडे पाठ फिरवली, त्याबद्दल माफी मागायची तर ती नक्की कुणाची, हे कळत नाही. शेवटची नोंद गेल्या जुलैतली आहे : ‘आज कंपनीचं गेट बंद झालं.’ त्यानंतर लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं असतं तर ते रडगाणं झालं असतं आणि कधीतरी लेकीच्या, राजसीच्या हाती लागलं असतं. तिचं बारावीचं वर्ष होतं. हे कारण खरं आहे, की आळसाला दिलेलं सोयीचं नाव आहे, हेही तपासायला हवं.

तर एक एप्रिलपासून मी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कमलेशभाईंच्या फर्निचरच्या दुकानात आहे. बावीस वर्षं अंबरनाथच्या कंपनीत क्वालिटी विभागात रबरी वायसरांची जाडी मोजली. आता ग्राहकांचं समाधान मोजायचं. माझ्या टेबलावर ‘कस्टमर केअर’ अशी पाटी आहे. कुंदा नातेवाइकांना ‘फर्निचरच्या कंपनीत मॅनेजर’ असं सांगते. मी दुरुस्त करत नाही. करायला हवं का, हे ठरलेलं नाही.

वही उघडायचं कारण वेगळंच आहे. बदलापूरच्या हायवेवर मोठं काचेचं शोरूम झालंय, त्यामुळे आमच्याकडचं गिऱ्हाईक कमी झालं. कमलेशभाईंनी काल मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, की घरी जाऊन कपाटं बसवणारे चार फिटर आहेत, पंधरा ऑगस्टनंतर तीनच परवडतील. “उन्मेषजी, तुम्ही कंपनीचा माणूस. मला एक नंबर काढून द्या. ज्याचा सबसे कम, तो जाईल. मग माझ्या दिलावर पण बोझ नाही.”

मी हो म्हणालो. त्यांच्या मनावरचं ओझं माझ्या टेबलावर आलंय, हे घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं.

१९ जून, गुरुवार

फॉर्म तयार केला. आठ प्रश्न, एक ते पाच गुण. ‘कारागिराचं वागणं कसं होतं?’, ‘एकूण तुम्ही किती समाधानी आहात?’ वगैरे. दुकानात हप्ता भरायला किंवा आणखी काही घ्यायला येणाऱ्या जुन्या ग्राहकांकडून तो भरून घेतला.

एकतीस फॉर्म आले. एकतीसही पाच पैकी पाच. कंपनीत असा कागद आला असता तर मी मोजणाऱ्याला बोलावून घेतलं असतं.

आज दिवसभर नुसतं बसून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. कमलेशभाईंचे वडील, सगळे त्यांना दादा म्हणतात, दारापाशी खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या प्रत्येकाला भाजलेला पापड आणि थंड पाणी. सिंधी घरात पाहुण्याला पापड-पाणी दिल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, आणि दादांना दुकान आणि घर यांत फरक दिसत नाही. एक बाई ड्रॉवर अडकतो म्हणून तावातावाने आल्या होत्या. “बैठो साईं, पहले पापड.” पापड संपेपर्यंत त्यांचा ड्रॉवर निम्मा सुटला होता. मग त्यांच्यापुढे माझा फॉर्म. हातात पापडाचा तुकडा असताना कोण दोन गुण देईल?

दादांना पापड बंद करा म्हणायची माझी छाती नाही. जागाच बदलावी लागेल. बसवणी झाली की त्याच संध्याकाळी फोन करायचा, आठवण ताजी असताना.

मीही आज दोन पापड खाल्ले. चव मिऱ्याची, जराशी उग्र. अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायची राहूनच गेली.

२७ जून, शुक्रवार

फोन सुरू आहेत. लोक मोकळेपणाने बोलतात. फॉर्मपेक्षा किती तरी जास्त कळतं, पण रकान्यात आकडाच लिहावा लागतो.

न्याय म्हणून कर्मचाऱ्यांनाही फॉर्म दिला. चौदा माणसं, वीस प्रश्न. काम आवडतं का, थकवा येतो का, ग्राहकांकडून मान मिळतो का, असं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी भरून दिला. संतोष फिटर म्हणाला, “साहेब, सगळीकडे पाच टाकले तर पगार वाढतो काय?” मी नाही म्हटल्यावर त्याने चारच टाकले, आणि मला डोळा मारला.

मी स्वतःही भरला. ‘इथली नोकरी नातेवाइकाला सुचवाल का?’ यावर वीस मिनिटं अडलो. शेवटी ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं. मग घरी आल्यावर कुंदाच्या भाच्याला सागवान आणि रबरवुड यांतला फरक अर्धा तास समजावला. रेषा कशा पाहायच्या, वास कसा घ्यायचा. त्याने विचारलंही नव्हतं. कुंदा म्हणते, मी हल्ली अंघोळ करताना गुणगुणतो. मला तसं काही आठवत नाही.

१२ जुलै, शनिवार

आकडे आले. संतोष चार दशांश सात. दोघे भाऊ आहेत ते चारच्या आसपास. बबन दोन दशांश चार.

चुकलं असेल म्हणून पुन्हा बेरीज केली. तेच.

बबन दुकानात एकोणीस वर्षं आहे. बावन्न वर्षांचा, अंबरनाथला राहतो. कमी बोलतो. त्याच्याबद्दलचे शेरे असे : ‘फार वेळ लावतो’ (अकरा जण). ‘कपाट भिंतीला चिकटवत नाही, दोन बोटं मागे जागा सोडतो, मागे झुरळं होतील’ (सहा जण). आणि एक विचित्र शेरा : ‘पाणी मागतो आणि पीत नाही’ (चौघे). कुळगावच्या रखमाबाईंनी तर फोनवर म्हटलं होतं, “त्याला एक. एकुच द्या.” कारण विचारलं तर फोन ठेवला.

कमलेशभाईंनी कागद बराच वेळ हातात धरला. म्हणाले, “बबनभाई पुराना आदमी आहे. पण नंबर म्हणजे नंबर. तुम्ही काढला, म्हणजे सही असणार.”

तो विश्वास ऐकून आधी बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. पंधरा ऑगस्टला चौतीस दिवस आहेत.

१४ जुलै, सोमवार

नंबर पाठवण्याआधी माप कसं घेतलं गेलं ते पाहायचं, ही जुनी सवय. नंबर तर पाठवून झालाय. तरी आज बबनबरोबर बदलापूर पश्चिमेला गेलो. अकराव्या मजल्यावरचं नवं घर, नवरा-बायको दोघं नोकरीवाले. बायको वैदेही, तिची घरूनच मीटिंग चालू होती.

बबनने टेम्पोबरोबर आलेल्या तिघा हमालांच्या मदतीने कपाट उभं केलं आणि वैदेहीला म्हणाला, “मॅडम, एक ग्लास पाणी मिळेल?” तिने कानातला इअरफोन न काढता ट्रेमध्ये पाणी आणून दिलं. काचेचा ग्लास, काठोकाठ. त्याने तो नीट उचलला, स्टुलावर चढला आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिला. मग खाली उतरून पायांखालचे बोल्ट कमी-जास्त करत राहिला. परत चढायचा, ग्लासकडे तिरका बघायचा, परत उतरायचा. पंचेचाळीस मिनिटं. शेवटी पाणी चारी कडांना सारखं दिसलं, तेव्हा त्याने ग्लास तसाच भरलेला ओट्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाला, “झालं.” मग आपल्या पिशवीतली बाटली काढून पाणी प्याला.

वैदेही त्या भरलेल्या ग्लासकडे पाहत राहिली. संध्याकाळी मीच फोन केला. तीन गुण. “काम ठीक आहे, पण माणूस जरा शिष्ट वाटतो.”

परत येताना रिक्षात मी त्याला विचारलं, की लेव्हलची पट्टी का नाही वापरत. त्याने पिशवीतून पट्टी काढून दाखवली. दुकानाची, चांगली आहे. म्हणाला, “पट्टी एका रेषेचं सांगते साहेब. पाणी चारी बाजूंचं सांगतं. आणि या नव्या बिल्डिंगांची जमीन सरळ कुठे असते? दारं वर्षभरात खाली बसतात.” भिंतीमागची दोन बोटंही त्यासाठीच. ओल आली तर कपाटाला लागू नये.

मी म्हटलं, बरोबर आहे, पण मग ते पाणी पिऊन तरी टाकायचं. लोकांना वाईट वाटतं.

त्याने पट्टी परत पिशवीत ठेवली. मग म्हणाला, “वडील सांगायचे, ज्या घरी काम करतो तिथे पाणी मागायचं नाही. मागितलं की मग ते कसं देतात, ते बघावं लागतं. मी मागतो साहेब. पण कपाटासाठी.”

खरंच आहे. पावसाळ्यात घरोघरचं पाणी कसं असेल सांगता येत नाही, आमच्याच सोसायटीत दोघांना कावीळ झालीय. स्वतःची बाटली बाळगणं ही चांगली सवय आहे. फॉर्मवर तसा शेरा लिहावा का?

२० जुलै, रविवार

रखमाबाईंचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर, कुळगावच्या जुन्या वस्तीत. सुट्टी होती म्हणून चालत गेलो. सत्तरीच्या बाई. मी दुकानातून आलोय म्हटल्यावर आधी पाणी आणलं आणि मी ते पूर्ण पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, “त्यानी पानी मांगला. मी नवा गिलास काढला, सुनंचे रुखवताचा. आन् पिला नाय. कपाटाचे डोक्यावर नेऊन ठेवला. आमचे घरचा पानी चालला नाय त्याला.”

मी त्यांना ग्लास वर का ठेवतात ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. “ता खरा असंल. पन काम झाल्यावं तरी दोन घोट घ्यायचं का नाय? आमी काय वंगाल लोक हाव?”

मग मला कपाट दाखवलं. एका बोटाने दार उघडलं, सोडलं. जिथे सोडलं तिथेच थांबलं. मी म्हटलं, बाई, कपाट तर उत्तम आहे, मग एक गुण का दिलात?

“कपाटाचा तू इचारलास कंदी? तू माणसाचा इचारलास.”

रस्त्यात खिशातला फॉर्म काढून वाचला. आठ प्रश्न आहेत. वेळेवर आले का, कपडे नीटनेटके होते का, वागणं, बोलणं, साफसफाई. कपाटाबद्दल एकही नाही. मीच केलेला फॉर्म.

घरी कुंदाला सगळं सांगितलं. रखमाबाईंचं, आणि बबन रिक्षात म्हणाला तेही. काविळीचा माझा तर्कही सांगितला. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, “ते दुकानात तरी पाणी पितात का, दादांच्या हातचं?”

मी आठवू लागलो. पापड घेतो. पाणी बाटलीतलं.

“मग कावीळ नाही ती,” कुंदा म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

मला कळायला संध्याकाळ झाली. शाळेतलं एक आठवलं. आमच्या वर्गातला एक मुलगा नळाला ओंजळ लावायचा, आणि माठावरचं भांडं आमच्यासाठी असायचं. तेव्हा मी कधी काही म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायला हवं असंही वाटलं नव्हतं. बबनने मला रिक्षात सरळ मराठीत सांगितलं, आणि मी सोसायटीच्या टाकीचा विचार करत बसलो.

६ ऑगस्ट, बुधवार

दोन आठवडे लिहायला वेळ नाही. गेल्या वर्षीची बिलबुकं काढली, पावसाळ्याआधी बसवलेल्या कपाटांची. चाळीस पत्ते निवडले, प्रत्येक फिटरचे दहा. रोज दुपारनंतर तीन-चार घरं. अंबरनाथ पूर्व, बदलापूर, एक तर बारवी धरणाच्या रस्त्याला. तिथे कपाटात तांदळाच्या गोणी ठेवल्या होत्या, तरी दार सरळ. ते बबनने बसवलेलं.

या वेळी कुणाला समाधान विचारलंच नाही. फक्त म्हटलं, दार उघडून दाखवा. आणि कपाटामागे हात घालून पाहिला.

संतोषच्या दहांतली सहा दारं घासतात. एका घरात दाराखाली पुठ्ठ्याची घडी कोंबली होती, आणि त्या बाई म्हणाल्या, “पण संतोष खूप छान मुलगा आहे हो. आमच्या बाळाचा फोटोपण काढला त्याने.” दोघा भावांची मिळून नऊ. बबनचं एक, तेही कपाट घरमालकाने स्वतः सरकवलं होतं.

गंमत अशी, की ज्यांची दारं सरळ आहेत त्यांना फिटर कोण होता ते आठवतच नाही. “आला होता कुणीतरी.” दार घासणाऱ्यांना नाव आठवतं.

चार वाजता एका ओळखीच्या टपरीवर चहा घेतो, पाय मोकळे होतात. कुंदा विचारते, या वयात उन्हापावसात फिरून दमत नाही का? दमतो की. मार्चमध्ये आणलेल्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आज टाकून दिल्या, तारीख उलटली होती. हल्ली औषधं फार लवकर जुनी होतात.

९ ऑगस्ट, शनिवार

कमलेशभाईंसमोर दोन कागद ठेवले. एक जुलैचा, एक आजचा. मी म्हणालो, पहिला कागद चुकीचा नाही, पण मी चुकीची गोष्ट मोजली. माणूस दारातून बाहेर पडल्यावर तासाभराने लोकांना तो कसा वाटला, ते मोजलं. आपण विकतो कपाट, आणि ते वर्षानंतर कसं आहे हे कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता म्हणतील, मग तुम्हाला तरी कशाला ठेवलंय.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी लावून पाहिले. “म्हणजे मी गलत आदमी काढला असता.”

“माझ्या आकड्यावरून.”

“हां. तुमच्या आकड्यावरून.” ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. दादा दारातून म्हणाले, की फर्निचर लोकांनी परत आणून दिलं नाही म्हणजे खुश आहेत, त्यात मोजायचं काय. कमलेशभाईंनी त्यांना सिंधीत काहीतरी ऐकवलं आणि दादांनी उत्तरादाखल मला पापड पाठवला.

ठरलं ते असं : चौघेही राहतील. बसवणीला दोघं-दोघं जातील, संतोष बबनबरोबर. घासणारी पंधरा-सोळा दारं ते फुकट नीट करून देतील, आणि त्याच घरांतून नवं काम मिळतं का ते दिवाळीपर्यंत पाहायचं. तीन फिटर की चार, हा प्रश्न तेव्हा.

संपूर्ण सुटका नाही. पण बबनचं नाव कागदावरून उतरलं. आज जेवण गोड लागलं.

११ ऑगस्ट, सोमवार

बबनला सगळं सांगायचं ठरवलं. त्याच्यामागे हे चाललं होतं ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. गोडाऊनमध्ये बसून सांगितलं, संतोषही तिथेच होता. माझा पहिला आकडाही सांगितला. तो म्हणाला, “दोन पॉइंट चार? शाळेतपण एवढे कमी नव्हते मला.” संतोष मोठ्याने हसला, मग बबनही.

रखमाबाईंचं बोलणं सांगितलं तेव्हा मात्र त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“त्यांना वाटलं, त्यांचं पाणी मला चालत नाही?”

“हो.”

“उलटंच की हो.” मग म्हणाला, “असं पण कुणाला वाटत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच नाही आलं साहेब.”

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी रखमाबाईंचा फोन. आधी नातवाने लावून दिला, मग त्या. “आल्ता तो तुमचा. बिजागऱ्या बघाया आलोय म्हनला. बिजागऱ्यांना काय बी झाला नव्हता.” पुढे म्हणाल्या, “दोन गिलास पानी पिला. मी काकडी दिली त्याला, आमचे परसातली. आता मांड त्याला पाच.”

मी म्हटलं, मांडतो. मग लक्षात आलं, की कुठल्या रकान्यात, ते माहीत नाही. बबनला काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दिवसभर तो नेहमीसारखाच होता; दादांचा पापड घेतला, पाणी बाटलीतलं प्याला. एका घरी प्यायला म्हणजे सगळीकडे पिईलच, असं मी का धरून चाललो होतो कोण जाणे.

दुपारी कमलेशभाई माझ्या टेबलाशी आले. हायवेच्या शोरूमवाल्यांनी बबनला बोलावणं पाठवलंय, असं त्यांच्या कानावर आलंय. “आपल्याकडे तो खुश आहे ना? तुमच्या फॉर्ममध्ये काय आहे?”

कॉम्प्युटरवर पाहिलं. बबन : सरासरी तीन दशांश आठ. ‘समाधानी’. कमलेशभाईंना तेवढंच हवं होतं, ते निश्चिंत होऊन गेले.

मला राहवलं नाही. फायलीतून त्याचा मूळ कागद काढला. वीस प्रश्न, जाड पेन्सिलीचे नीट आकडे. सतरावा प्रश्न : ‘ग्राहकांच्या घरी तुम्हाला मान मिळतो का?’ तिथे त्याने काही लिहिलेलं नाही. विसरला म्हणावं तर पेन्सिल टेकवल्याचा ठिपका आहे. आणि कॉम्प्युटरवर तिथे ३ आहे.

तो मी घातला. जूनमध्ये, बेरीज अडते म्हणून. चौदा जणांत तेवढी एकच जागा रिकामी होती, मधला आकडा टाकला आणि पुढे गेलो, इतक्या सहज की आज कागद पाहीपर्यंत आठवतही नव्हतं. बावीस वर्षांत न मोजलेल्या एकाही वायसरपुढे मी जाडी लिहिली नव्हती.

त्याला आता बोलावून उत्तर विचारावं, असं आधी वाटलं. पण त्याला द्यायचं असतं तर पेन्सिल हातातच होती. तो राहील की जाईल, ते त्याचं तो ठरवेल. कमलेशभाई मात्र माझ्या आकड्यावर निर्धास्त झालेत.

उद्या : बबनच्या सतराव्या प्रश्नापुढचा ३ खोडून रकाना कोरा करायचा, आणि तो कागद कमलेशभाईंना दाखवायचा.